पडदा एक, दारं चोवीस: स्मार्ट इमारतीच्या एकत्रित सुरक्षा संचाची झाडाझडती

दाराची कार्डं, कॅमेरे, एसी-दिव्यांचं नियंत्रण आणि कर्मचाऱ्यांची लॉगिनं, सगळं एकाच पडद्यावर. असं सांगून विकल्या जाणाऱ्या संचांत माल साधारण सारखाच असतो. भिंतीवर कार्ड वाचणारा रीडर, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा शाफ्टमध्ये दोन-चार दारांची कुलपं चालवणारा कंट्रोलर, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचला लावलेले कॅमेरे, एसी आणि लिफ्टशी बोलणारा गेटवे, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सर्व्हरवर किंवा क्लाउडवर बसलेलं सॉफ्टवेअर. डेमोत दाखवतात ते हे शेवटचं. आणि ते बहुतेकांचं छानच असतं: दार जबरदस्तीने उघडलं की त्याच दाराचा कॅमेरा आपोआप पुढे येतो, नकाशावर लाल ठिपका लुकलुकतो, पहाऱ्यावरच्या माणसाला दहा खिडक्या चाळाव्या लागत नाहीत. पण पडद्याला खालून जी बातमी मिळते तीच तो दाखवणार. म्हणून हा आढावा खालून वर जातो, रीडरच्या मागच्या वायरपासून.

रीडरच्या मागे

रीडर भिंतीवरून उतरवायला बहुतेक वेळा खालचा एकच स्क्रू सोडावा लागतो. मागे हिरवी आणि पांढरी वायर डेटा म्हणून कंट्रोलरकडे गेलेली दिसली, तर ते बहुधा विगँड, म्हणजे रीडरने कंट्रोलरला कार्डाचा क्रमांक कळवण्याची जुनी पद्धत. सर्वांत रुळलेल्या २६ बिटांच्या साच्यात ८ बिट साइट कोडचे, १६ बिट कार्ड क्रमांकाचे आणि दोन टोकांना एकेक पॅरिटीचा (चूक पकडणारा). हे २६ बिट वायरीवरून उघडेवाघडे धावतात, कुलूप नाही की शिक्का नाही. २०१५ च्या ब्लॅक हॅट या सुरक्षा संशोधकांच्या परिषदेत ब्लीकी नावाचा नाण्याएवढा बोर्ड दाखवला गेला. तो या वायरींवर चिमट्यासारखा बसतो, येणारी कार्डं टिपून ठेवतो आणि नंतर ब्लूटूथवरून सांगितलं की तीच पुन्हा वाजवतो. रीडरमध्ये कितीही भारी कार्ड लागत असो, चोरी कार्डाच्या पुढच्या टप्प्यावर होते.

विगँडची दुसरी खोट कमी बोलली जाते. तो एकतर्फी आहे. रीडर बोलतो, कंट्रोलर ऐकतो. वायर कापा, रीडर उखडून न्या, कंट्रोलरच्या लेखी आज कोणी कार्ड लावलं नाही एवढंच. टॅम्परची (छेडछाड कळवणारी) वेगळी वायर ओढलेली असेल तर गोष्ट निराळी, पण ती बहुतेक ठिकाणी रीडरच्या पाठीमागे गुंडाळून टेप लावलेली सापडते.

तेव्हा रीडर ओएसडीपी या विगँडच्या जागी आलेल्या बोलीचाच घ्यावा, यात दुमत नको. आरएस-४८५ प्रकारच्या तारांच्या जोडीवर दुतर्फा बोलणं, १२०० मीटरपर्यंत अंतर, आणि २०२० पासून आयईसी ६०८३९-११-५ हे आंतरराष्ट्रीय मानक. कंट्रोलर रीडरला सतत हाक मारत असतो, त्यामुळे वायर तुटली की काही सेकंदांत कळतं. सिक्युअर चॅनेल या बंदिस्त प्रकारात एईएस-१२८ एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारं बोलणं. आणि मेख इथेच आहे. माहितीपत्रकात 'ओएसडीपी सपोर्टेड' लिहिलं म्हणजे सिक्युअर चॅनेल चालू आहे असं नाही. मानकात ते ऐच्छिक आहे. २०२३ च्या ब्लॅक हॅटमध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नेमक्या याच फटी उघड्या केल्या: मधे बसलेलं यंत्र कंट्रोलरला 'या रीडरला एन्क्रिप्शन येत नाही' असं सांगून साध्या बोलण्यावर उतरवू शकतं, आणि इन्स्टॉल मोड (नवा रीडर जोडून घेण्याची अवस्था) चालूच राहिला असेल तर परका माणूस किल्ली मागून घेऊ शकतो. कारखान्यातून येणारी किल्ली तर जगाला पाठ आहे: हेक्समध्ये ३०, ३१, ३२ असे चढत ३एफ पर्यंतचे १६ बाइट.

बसवण्याचा बरोबर क्रम असा. रीडर भिंतीवर लावण्याआधी टेबलावर, हातभर केबलने कंट्रोलरला जोडायचा. प्रत्येक रीडरला वेगळी, यादृच्छिक किल्ली द्यायची. जोडणी झाली की इन्स्टॉल मोड बंद करायचा. मग कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर चॅनेल 'असल्यास वापर' असं न ठेवता 'सक्तीचं' करायचं. हा पर्यायच नसलेला कंट्रोलर परत पाठवावा. टेबलावर यासाठी, की नवी किल्ली रीडरला जाते तेव्हा तिच्यावर पांघरूण असतं ते त्या जगजाहीर किल्लीचं. भिंतीतल्या लांब केबलवर हे करणं म्हणजे चौकात उभं राहून पिन सांगणं.

झालं की एक परीक्षा घ्यावी, पाच मिनिटांचं काम आहे. त्याच मॉडेलचा कोरा रीडर, तोच पत्ता, तोच बॉड रेट (बोलण्याचा वेग) लावून जुन्याच्या जागी जोडायचा. दार उघडलं तर सगळं मुसळ केरात. कंट्रोलरने तक्रार करून त्याला नाकारलं तरच बिल मंजूर.

वायरिंगमधल्या चुका ठरलेल्या आहेत. दोन रीडर एकाच बसवर (सामाईक तारांवर), दोघांचा पत्ता कारखान्याचा शून्यच. मग दोघं एकदम बोलतात आणि आळीपाळीने गायब होतात. ए आणि बी या दोन डेटा वायरी उलट. एकातून पुढच्यात अशी साखळी न करता मधून फांद्या फोडलेल्या. रीडरला वेगळा पॉवर सप्लाय दिला पण तिसरी, सामाईक ग्राउंडची वायर दिलीच नाही. जुनी विगँडची अनेक तारांची केबल तशीच वापरली तर ९६०० बॉडला बहुधा निभावतं, १,१५,२०० ला तीच केबल रडवते. लांब ओळीच्या दोन टोकांनाच १२० ओहमचा रोध हवा, मधल्या रीडरवर नको. पडद्यावर एखादा रीडर दर काही मिनिटांनी ऑफलाइन-ऑनलाइन होत असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी हे पाहावं.

कार्डांबद्दल थोडक्यात. १२५ किलोहर्ट्झचं साधं प्रॉक्सिमिटी कार्ड म्हणजे मोठ्याने उच्चारलेला नंबर. कोऱ्या टी५५७७ चिपवर त्याची नक्कल क्षणात होते. मायफेअर क्लासिक या जुन्या कार्डाचं कूटलेखन २००८ मध्येच मोडलं. डेझफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ कार्ड घ्यावं, पण घेऊन झाल्यावर रीडर काय वाचतो ते विचारावं. कितीतरी ठिकाणी महागडं डेझफायर कार्ड वाटलेलं असतं आणि रीडर त्याचा फक्त यूआयडी, म्हणजे चिपचा उघडा अनुक्रमांक, वाचत असतो. यूआयडी कोणालाही मिळतो. एईएस किल्लीने उघडणाऱ्या फाइलमधला क्रमांक वाचायला हवा. ओळखायची युक्ती सोपी: नवं कोरं, या इमारतीसाठी न लिहिलेलं डेझफायर कार्ड लावलं आणि सॉफ्टवेअरने 'अनोळखी कार्ड क्रमांक अमुक' असं दाखवून ते नोंदवायची तयारी दाखवली, तर तो यूआयडी वाचतोय. नीट बसवलेला रीडर अशा कार्डाकडे ढुंकूनही पाहत नाही.

वीज, कुलूप, आग

इंटिग्रेटरच्या (संच जोडून बसवणाऱ्या कंपनीच्या) ड्रॉइंगमध्ये सगळ्यात हलगर्जी इथे असते. ६०० पौंडी, म्हणजे सुमारे २७२ किलो धारणशक्तीचा मॅगलॉक (चुंबकी कुलूप) १२ व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर खातो. कंट्रोलर ४० मीटरवर आणि मधे ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध २.८ ओहम, १.४ व्होल्ट वाटेतच गळतात. कुलपाला उरतात १०.६. बॅटरीवर आल्यावर त्याहून कमी. दार धरलेलं दिसतं, जोराचा खांदा लावला की सुटतं. १ चौरस मिलिमीटरची वायर घ्या किंवा कुलूप २४ व्होल्टवर चालवा, तिथे प्रवाह निम्मा होतो. आणि लोखंडी आर्मेचर प्लेट दाराला गच्च आवळू नये. तिच्यामागे रबरी वॉशर असतो तो तिला किंचित हलू देण्यासाठी, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. नीटनेटकं काम करायच्या हौसेने सुतार ती घट्ट पिळतो आणि पकड जाते.

बॅटरीचा हिशेब: दोन मॅगलॉकचा १ अँपिअर, कंट्रोलर आणि दोन रीडर मिळून अर्धा. ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर ४ तास ४० मिनिटं देईल. पण ७ एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा आहे; दीड अँपिअरला नवी बॅटरीही तेवढं देत नाही, आणि दोन-तीन वर्षं पेटीच्या उष्णतेत शिजलेली तर मुळीच नाही. बॅटरीचा व्होल्टेज पडद्यावर दाखवणारा पॉवर सप्लाय असेल तर त्याला पैकीच्या पैकी गुण. एकत्रीकरणाचा खरा उपयोग हा, आणि डेमोत तो कोणी दाखवत नाही.

आगीच्या वेळी दार सोडण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलेलं असेल तर संच नाकारावा. फायर पॅनलचा रिले (विजेने चालणारा स्विच) कुलपाचा पुरवठा थेट तोडणारा हवा. परीक्षा: सर्व्हर बंद, नेटवर्क केबल काढलेली, आणि मग अलार्म. सुटकेच्या वाटेवरची सगळी दारं सुटली पाहिजेत. पडद्यावर संदेश आला की नाही हा नंतरचा प्रश्न.

बाहेर जाणाऱ्यासाठी दार उघडणाऱ्या, आतल्या बाजूच्या हालचाल सेन्सरचं एक सांगायला हवं. दाराच्या वरच्या फटीतून दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून फवारला की थंड झोत आत जातो, सेन्सरला तापमानातला फरक दिसतो, दार उघडतं. बाहेरच्याला कार्ड लागलंच नाही, आणि नोंदीत मात्र 'आतून बाहेर पडले' अशी सभ्य ओळ. मॅगलॉकच्या दारावर सेन्सर बहुतेक वेळा टाळता येत नाही, तेव्हा त्याचा कोन फटीपासून दूर ठेवावा आणि फटीला पट्टी लावावी. आतून हँडल दाबून उघडणाऱ्या कुलपावर सेन्सरला उघडण्याचा अधिकारच देऊ नये. हँडलमधल्या स्विचने 'जबरदस्ती'चा अलार्म तेवढा थोपवावा.

जाता जाता: रिले रीडरमध्येच असलेली स्वस्त यंत्रं बाहेरच्या दाराला कधीच लावू नयेत. कव्हर काढून दोन वायरी टेकवल्या की दार खुलं, मग आत कितीही एईएस असो.

कंट्रोलर आणि नेटवर्क

२०२२ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एचआयडी मर्क्युरीच्या कंट्रोलर पॅनलांत आठ त्रुटी दाखवल्या. एकीला दहापैकी दहा गांभीर्य मिळालं, कारण तिच्यासाठी लॉगिनही लागत नव्हतं, आणि त्यांच्या जोरावर दारं दुरून उघडता येत होती. हे बोर्ड अनेक ब्रँड आपापल्या नावाने विकतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न: आतला बोर्ड कोणाचा, आणि मूळ उत्पादकाने नवं फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) दिल्यापासून तुमच्या नावाने ते किती दिवसांत मिळतं? दुसरा: ते चोवीस दारांना एकदम चढवता येतं की माणूस शिडी घेऊन फिरतो? शिडी असेल तर फर्मवेअर पहिल्या वर्षानंतर चढत नाही.

नेटवर्क तुटल्यावर कंट्रोलर स्वतःच्या स्मृतीवर चालला पाहिजे, आणि जवळपास सगळे चालतात. फक्त नेटवर्क तुटलेलं असताना रद्द केलेली कार्डंही त्या काळात चालतात, हे लक्षात ठेवावं. ऑफलाइन झालेला कंट्रोलर हाच गंभीर अलार्म समजावा. बऱ्याच संचांत तो पिवळ्या रंगात, खालच्या यादीत पडलेला असतो.

बाहेरच्या भिंतीवरचा कॅमेरा म्हणजे आतल्या नेटवर्कचं बाहेर लोंबणारं टोक. कॅमेरा काढून त्याच केबलला लॅपटॉप लावला तर काय होतं ते पाहावं. पोर्टवर ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय यंत्राला नेटवर्क न देणारी व्यवस्था) प्रमाणपत्रासह हवं. मॅक पत्त्यावरून ओळख हा पर्याय स्वस्त आणि जवळपास निरुपयोगी, कारण तो पत्ता कॅमेऱ्याच्याच स्टिकरवर छापलेला असतो. कॅमेऱ्यांना एकमेकांशी बोलायचं काहीच कारण नाही. त्यांना फक्त रेकॉर्डर आणि घड्याळाचा सर्व्हर दिसावा.

घड्याळाचा हा सापळा जवळून पाहण्यासारखा आहे. कंट्रोलरच्या बोर्डावरचा नाण्यासारखा सेल मेलेला असतो, कोणाला पत्ता नसतो. वीज जाते, येते, घड्याळ १९७० वर. आता ८०२.१एक्ससाठी समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायचं, तर १९७० च्या दृष्टीने ते अजून सुरूच झालेलं नाही, नाकार. नेटवर्क नाही म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ लावणं) नाही, एनटीपी नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून नेटवर्क नाही. दार त्या काळात १९७० च्या वेळापत्रकाने चालतं; सुट्टीचे दिवस, रात्रीचे तास, सगळं गडबडलेलं. उपाय दोन: सेल दर काही वर्षांनी न विचारता बदलणं, आणि प्रमाणपत्र नाकारलं गेलं तरी फक्त एनटीपीपुरतं पोहोचता येईल अशी कोंडलेली व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) ठेवणं. आणि प्रमाणपत्रांच्या मुदती एकाच तारखेला संपू देऊ नयेत, नाहीतर एका रात्रीत चोवीस दारं मुकी.

कॅमेऱ्यांचं बाकी थोडकं. रोज तिन्हीसांजेला कॅमेरा रीस्टार्ट होत असेल तर ते भूत नव्हे, इन्फ्रारेड दिवे लागल्यावर वीज पुरत नाही. ८०२.३एएफ प्रकारचा पीओई पोर्ट १५.४ वॉट देतो, केबलच्या टोकाला हमी १२.९५ चीच. हीटर किंवा फिरणारा कॅमेरा असेल तर जास्त वीज देणारा ८०२.३एटीचा पोर्ट घ्यावा. चेहरा ओळखण्यासाठी आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीने मीटरला २५० पिक्सेल मागितले. २६८८ पिक्सेल रुंदीचा चार मेगापिक्सेल कॅमेरा म्हणजे पावणेअकरा मीटरपेक्षा रुंद देखावा नको. लॉबीभर पसरलेल्या एका कॅमेऱ्यावर दाराचा अलार्म जोडला की पडद्यावर येतो तो कोणाचा तरी शर्ट.

'ऑनव्हिफ आहे', म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळवणारं मानक पाळलं आहे, या उत्तरावरही समाधान मानू नये. प्रोफाइल एस आणि टी व्हिडिओचे. दारांसाठी ए, सी आणि डी. कॅमेऱ्याचा टी असला म्हणून कंट्रोलर सॉफ्टवेअरशी बोलेल असं नाही. प्रत्यक्षात दार आणि व्हिडिओ जोडणारा दुवा बहुतेक वेळा एक प्लगइन असतो, आणि व्हिडिओ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पहिला तो मोडतो. प्लगइन कोण सांभाळणार हे करारात लिहून घ्यावं.

एसी, दिवे आणि भाबडे गेटवे

इमारत नियंत्रणाचं टोक सगळ्यात कच्चं. इमारतीतल्या यंत्रांची बोली असलेला नेहमीचा बॅकनेट आयपी यूडीपी ४७८०८ या पोर्टवर चालतो आणि समोरचा कोण हे विचारतच नाही. त्याच नेटवर्कवरचं कोणतंही यंत्र सर्व्हर खोलीचा एसी बंद करायला सांगू शकतं. बॅकनेट एससी या नव्या प्रकारात टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि प्रमाणपत्रं आली, पण जुने कंट्रोलर ते बोलत नाहीत. मग गेटवे मधे ठेवून जुनं सगळं त्याच्या मागे कोंडावं, आणि सुरक्षा सॉफ्टवेअरला वाचायची परवानगी द्यावी, लिहायची मोजक्या बिंदूंपुरतीच.

दिवे-स्विच जोडणारी केएनएक्स व्यवस्था असेल तर एक काम आजच उरकावं: बीसीयू किल्ली, म्हणजे यंत्राची सेटिंग बदलण्याचा पासवर्ड. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका कार्यालयीन इमारतीत इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या गेटवेतून शिरून हल्लेखोरांनी बहुतांश यंत्रांवर स्वतःची किल्ली बसवली. दिव्यांचे स्विच, सेन्सर सगळे मालकालाच परके झाले. २०२३ मध्ये या त्रुटीला सार्वजनिक त्रुटी-यादीत सीव्हीई-२०२३-४३४६ असा क्रमांक मिळाला. किल्ली आधी आपण बसवावी, लिहून तिजोरीत ठेवावी, आणि यूडीपी ३६७१ इंटरनेटकडून बंद करावा.

आता पडदा

खालचं सगळं जागेवर असेल तर पडदा खरोखर कामाचा. सर्वांत मोलाचा धागा मनुष्यबळ विभागाशी. नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन आणि कार्ड एकाच कृतीने मरावं. इथे परीक्षा अशी: चाचणीच्या नावाने खातं बंद करायचं, घड्याळ लावायचं, आणि दार नकार देईपर्यंत मोजायचं. रात्रीच्या एका फेरीत सिंक होणारे संच आजही विकले जातात. संध्याकाळी पाचला काढलेला माणूस सातला आत येऊ शकतो. पाच मिनिटांच्या आत हवं. आणि पाहुण्यांची, कंत्राटदारांची कार्डं मनुष्यबळाच्या यादीत नसतातच, त्यांना संपण्याची तारीख सक्तीची करावी.

'इमारतीत कार्ड लागलेलं नाही, पण आतल्या संगणकावर लॉगिन झालं' हा नियम ऐकायला जबरदस्त. चालू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे अलार्म पडतात ते बहुतेक दुसऱ्याच्या मागोमाग दारातून शिरलेल्यांचे. घुसखोर त्यात सापडेल न सापडेल, कोणत्या दाराशी लोक सौजन्याने दार धरून उभे राहतात ते मात्र लख्ख कळतं. नियम बंद न करता आधी त्या दाराची मांडणी बदलावी.

'दार उघडं राहिलं' या अलार्मची मुदत सगळ्या दारांना सरसकट तीस सेकंद ठेवणं हा बसवणाऱ्याचा आळस. माल उतरवायच्या दाराला तीन मिनिटंही कमी, सर्व्हर खोलीला पंधरा सेकंद पुष्कळ. हे न केल्यास पहाऱ्यावरचा माणूस दोन दिवसांत सगळेच अलार्म डोळे मिटून 'पाहिले' करायला शिकतो. नोंदी सिएमकडे (सगळीकडच्या नोंदी गोळा करून तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) पाठवताना यूडीपी ५१४ वरचा सिसलॉग संदेश वाटेत हरवला तरी कोणाला कळत नाही. टीएलएसवरचा ६५१४ घ्यावा.

तर घ्यावा की नाही? सक्तीचं सिक्युअर चॅनेल, थेट तुटणारा फायर रिले, पाच मिनिटांतलं कार्ड रद्द होणं आणि बोर्डाच्या उत्पादकाचं नाव, या चारांवर लेखी होकार असेल तर घ्यावा, पडदा दिसायला सामान्य असला तरी. यातलं एक जरी 'पुढच्या आवृत्तीत येतंय' असेल तर ती आवृत्ती येईपर्यंत थांबावं.

ताबा घेताना एक लिफाफा मागून घ्यावा. त्यात डेझफायर कार्डांची मास्टर किल्ली, प्रत्येक रीडरची ओएसडीपी किल्ली, केएनएक्सची बीसीयू किल्ली आणि कंट्रोलरचे पासवर्ड. कार्डांची किल्ली इंटिग्रेटर 'आमच्याकडे सुरक्षित आहे' म्हणून हसून टाळतो. ती नसेल तर त्याला बदलायच्या दिवशी इमारतीतलं प्रत्येक कार्ड नव्याने विकत घ्यावं लागतं. शेवटचा हप्ता त्या लिफाफ्यानंतर.